गेट उचलायच्या आधी फोन कुणाला लावायचा? : परराष्ट्र मंत्रालयाला आणि मराठवाड्याच्या आठ खासदारांना खुलं पत्र

प्रति,
परराष्ट्र मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि मराठवाड्याचे आठही खासदार

साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात मला एक सरकारी पत्र आलं. "आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात येत आहे." ह्याच वाक्याचं हे तिसरं पत्र, फक्त शिक्का बदललाय. अर्ज कुठून कुठं वर्ग झाला ते मला काही कळलं नाही, पाठवणाऱ्यालाही कळलं असंल असं वाटत नाही. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहायलोय, वर्ग करायची भानगडच नको.

मी धर्माबाद तालुक्यातला, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस. खात्याचं नाव जलसंपदा झालं तरी आमच्या तोंडात पाटबंधारेच बसलंय. गोदावरीच्या काठाला थोडं रान आहे, सोयाबीन आणि हळद. आत्या बासरकडं दिलेली, बायकोचं माहेर निजामाबाद जिल्ह्यातलं, घरात निम्मं तेलुगू निम्मं मराठी चालतं. सरहद्द म्हणजे आमच्याकडं सोयरिकीच्या मधून गेलेली रेघ, आणि त्या रेघेवरून पाणी जाताना काय काय होतं ते मी नोकरीत पण बघितलं आणि शेतात पण बघितलं.

अर्जात मी काय मागितलं होतं ते सांगतो. भारत सरकार 1964 पासून आयटेक नावाचा कार्यक्रम चालवतं. दीडशेहून जास्त देशांचे अधिकारी आपल्याकडं येऊन शिकून जातात, विमानाचं तिकीट, राहणं, खाणं, वरखर्च सगळा आपला, आतापर्यंत दोन लाखांच्या वर लोक येऊन गेलेत. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही. संरक्षणाचं तर त्याहून जुनं, दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज 1960 चं, तिथं आपल्या ब्रिगेडियर आणि जॉइंट सेक्रेटरी लोकांशेजारी मित्रदेशांचे अधिकारी वर्षभर बसतात, भूतानचे आत्ताचे राजे गादीवर बसायच्या आधी 2005 ला तिथंच कोर्स करून गेले. आणि गुरुग्रामला 2018 पासून नौदलाचं एक केंद्र आहे, हिंदी महासागरातल्या जहाजांची माहिती एकमेकांना द्यायला, तिथं वेगवेगळ्या देशांचे अधिकारी एकाच छताखाली असतात, एखादं जहाज संशयाचं वाटलं की शेजारच्या टेबलावरच विचारायचं.

समुद्राचं एवढं केलंत साहेब, पण नदीचं काय केलंत ते मला कुठं दिसंना. आमच्याकडं समुद्र नाही. आमचं जे काही भांडण, जी काही भीती, ती नदीची. माझं म्हणणं एवढंच होतं की शेजारच्या देशांचे जे लोक पाण्याचे निर्णय घेतात त्यांना, आणि आपले जे लोक निर्णय घेतात त्यांनाही, एकाच वर्गात बसवा, आणि तो वर्ग मराठवाड्यात भरवा.

मराठवाड्यातच का, असं त्या अर्जाच्या वेळी एका साहेबांनी फोनवर विचारलं होतं. हसले पण होते थोडे.

तर बगा. जुलै 2010. आमच्याजवळ गोदावरीवर महाराष्ट्र बांधत असलेल्या बाभळीच्या बंधाऱ्याला विरोध म्हणून आंध्रचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आमदार घेऊन निघाले, आपल्या पोलिसांनी सरहद्दीला अडवलं, धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवलं, गावाला छावणीचं रूप आलं, शेवटी औरंगाबादहून विमानात बसवून हैदराबादला रवाना केलं. एकाच देशाची दोन राज्यं, आणि 2.74 टीएमसीचा बंधारा! जायकवाडीपुढं ते पाणी म्हणजे तांब्याभर. पुढं 28 फेब्रुवारी 2013 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं वर ठेवायची, 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं, आणि देखरेखीला तीन माणसांची समिती, एक केंद्रीय जल आयोगाचा आणि एकेक दोन्ही राज्यांचा. आमच्या शेतकऱ्यांना तो निकाल अजून टोचतो, नदी भरून वाहते तेव्हा दारं वर आणि खाली टाकायच्या वेळी नदी आटत आलेली, ते दुखणं वेगळं आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहावं लागंल. पण समितीची पद्धत मात्र चालली. ठरलेल्या तारखेला दोन्हीकडचे इंजिनिअर येतात, उभे राहतात, सह्या करतात, चहा पितात. पोलिसांची गरज पडत नाही.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाचं. नोकरीत असताना एकदा पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला गेलो होतो, तिथं पलीकडच्या बाजूचे एक इंजिनिअर माझे रूम पार्टनर होते. नाव नको. पहिले दोन दिवस आम्ही बोललोच नाही, कारण दोघांच्या डोक्यात आमची बाभळी आणि खाली त्यांचं पोचमपाड धरण. तिसऱ्या दिवशी मेसमधल्या सांबारावरून बोलणं निघालं आणि मग काय, शेवटपर्यंत आमचं जेवण सोबतच. पुढं दोन-तीन वर्षांनी पुराची एक रात्र आली. वरून विष्णुपुरीचं पाणी येऊ लागलं, खाली पोचमपाड भरत आलेलं, आणि पोचमपाडचा फुगवटा मागं सरकला की आमच्या काठाची गावं पाण्यात जातात हे इथल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे. ऑफिसची वाट धरली असती तर आमच्या साहेबांनी त्यांच्या साहेबांना, त्यांनी राजधानीला, तिथून परत खाली, तोवर सकाळ झाली असती. मी रात्री दोनला ह्या माणसाला मोबाइल लावला. म्हणलं, "साब, कित्ता छोड़ रैं?" त्यानं झोपेत आकडा सांगितला, मग खडबडून उठला, म्हणला दहा मिनिटांत सांगतो. दहा मिनिटांत सांगितलं. त्या आकड्यावर आम्ही दोन गावं वेळेत उठवली, म्हातारी माणसं ट्रॅक्टरमध्ये घालून शाळेत नेली. रेकॉर्डवर ह्यातलं काहीच नाही, कारण मला तसा फोन करायचा अधिकारच नव्हता.

मी ह्या एका फोनच्या जोरावर तुमच्याशी भांडायलोय.

साहेब, आता देशाच्या सरहद्दीवर हेच बगा. 2024 च्या ऑगस्टात त्रिपुरात अतोनात पाऊस झाला, खाली बांगलादेशात फेनीकडं पूर आला, आणि तिकडं बोंब उठली की भारतानं डुंबूरचं धरण मुद्दाम सोडलं. तुम्हालाच खुलासा करावा लागला की धरण सरहद्दीपासून 120 किलोमीटरवर आहे, पूर मुख्यतः धरणाच्या खालच्या पाणलोटाचा आहे, 21 तारखेला दुपारी तीनपर्यंत आकडे दिले होते आणि संध्याकाळी सहाला पुरानं वीज गेली म्हणून संपर्कात अडचण आली. तुमचा खुलासा मी अक्षरशः दोनदा वाचला, कारण वीज गेली आणि संपर्क तुटला ही आमची घरची गोष्ट आहे. अशा वेळी फेनीच्या माणसाकडं त्रिपुरातल्या माणसाचा खासगी नंबर असता, दोघांनी कधी एकत्र वरण-भात खाल्लेला असता, तर पूर थांबला नसता हे मला पण कळतं, पण अफवा तरी एवढी पळाली नसती. अफवेनं दोन देशांत काय होतं ते तेव्हा सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच.

2008 ची कोसी आठवा. बांध फुटला नेपाळच्या हद्दीत, कुसहाला, 18 ऑगस्टला. बांधाची देखभाल बिहारच्या खात्याकडं आणि जमीन नेपाळची, करार 1954 चा. बुडाले दोन्हीकडचे, एकट्या बिहारात तीस लाखांच्या वर माणसांना झळ पोचली. 2017 ला डोकलामचं चालू होतं, त्या साली चीननं ब्रह्मपुत्रेचे पावसाळ्यातले आकडे दिलेच नाहीत. आणि गंगेचा फराक्काचा करार, 12 डिसेंबर 1996 ला झालेला, तीस वर्षांचा, म्हणजे 2026 च्या डिसेंबरात त्याची मुदत संपते. बांगलादेशाशी आपल्या 54 नद्या सामाईक आहेत. पुढच्या कराराच्या चर्चेला दोन्हीकडून जी माणसं बसणार ती एकमेकांना आधी कधी भेटलीत का, का टेबलावरच पहिल्यांदा तोंड बघणार?

सिंधूचा विषय मी काढणार नाही. 1960 चा करार 65 आणि 71 ची लढाई होऊन पण टिकला होता, 2025 च्या एप्रिलात पहलगाम झालं आणि सरकारनं तो स्थगित केला. निरपराध माणसं मारल्यावर काय करायचं ते सरकारनं ठरवावं, मी काही भाई-भाईवाला नाही, आमच्या गावची चार पोरं फौजेत आहेत. माझं बोलणं त्या शेजाऱ्यांबद्दल आहे ज्यांच्याशी आपलं बोलणं चालू आहे आणि तरी ऐन वेळी फोन लागत नाही.

काही जण म्हणतील पाणी आणि पूर म्हणजे सुरक्षा कशी काय, सुरक्षा म्हणजे बंदूक. 2016 ला लातूरला या म्हणावं. पाण्याच्या टाक्यांजवळ, टँकर भरायच्या जागेजवळ पाचाच्या वर माणसं जमू नयेत म्हणून 144 कलम लावलं होतं, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पाण्याला पोलीस लागतात हे आम्ही भोगलंय. आणि तुमचंच बिमस्टेक घ्या, बंगालच्या उपसागराकडच्या सात देशांची संघटना, त्यात सुरक्षेचा विभाग भारताकडं आहे आणि आपत्ती व्यवस्थापन त्याच सुरक्षा विभागात मोडतं. मग तुम्ही दिल्लीत जे कागदावर मान्य केलं तेच मी धर्माबादहून सांगायलोय, फरक एवढाच.

आता माझ्या तक्रारी. राग येऊ देऊ नका, जे बघितलं ते लिहितो.

एकदा शेजारच्या दोन-तीन देशांच्या अधिकाऱ्यांचा जथ्था आमच्याकडच्या एका धरणावर आला होता, मी तेव्हा ड्युटीला होतो. कुठल्या संस्थेनं आणला होता ते सोडा. सकाळी वेरूळ, दुपारी मकबरा, मग पैठणीचं दुकान, आणि धरणाला वेळ मिळाला वीस मिनिटं. शाल, नारळ, ग्रुप फोटो. गेटवर पंचवीस वर्षं काढलेला आमचा माणूस बाजूला उभा होता, त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. एक जण तेवढा मागं राहिला, बांगलादेशी होता, मोडक्या हिंदीत त्यानं त्या गेटवाल्याला विचारलं, "गेट खोलने से पहले किसको फोन करते हो?" अख्ख्या दौऱ्यातला कामाचा प्रश्न तेवढाच, आणि गेटवाला उत्तर देऊस्तोवर बसचा हॉर्न वाजला. आमचा गेटवाला नंतर बरेच दिवस म्हणायचा, त्या माणसाला सांगायचं राहिलं राव.

उलटं बाहेर जायचं बगा. आमच्या हाताखालच्या एका हुशार पोराचं नाव परदेशातल्या एका कोर्ससाठी मागवलं होतं. पत्र टेबलावर आलं तेव्हा शेवटची तारीख जाऊन सहा दिवस झाले होते. आणि त्याच्या आदल्या साली गेलेले साहेब परत आले आणि चार महिन्यांत रिटायर झाले. त्यांनी तिथून काय आणलं विचाराल तर चॉकलेट, ऑफिसभर वाटलं, मी पण खाल्लं, खोटं कशाला बोलू.

आणि धोरण ठरवणारे म्हणजे कोण हो? तुमच्या यादीत सेक्रेटरी, डायरेक्टर, जनरल. आमच्याकडं पाण्याचं धोरण ठरतं कालवा सल्लागार समितीत, तिथं मंत्री असतात, आमदार असतात, आणि जास्त करून ज्याचा आवाज मोठा तो असतो. जायकवाडीचंच घ्या, 2005 च्या कायद्यानं समन्यायी वाटप ठरलं, मेंढेगिरी समितीचं सूत्र आलं, 15 ऑक्टोबरला साठा बघायचा आणि कमी असला तर वरच्या धरणांतून सोडायचं, तरी टंचाईच्या साली नाशिक-नगरकडचे कोर्टात आणि आमच्याकडचे रस्त्यावर. त्या आमदारांना कुणी कधी दाखवलं का की मेकाँगवर चार देश 1995 पासून एक आयोग चालवतात आणि तो कुठं चालतो, कुठं अडतो? आमदारांचे अभ्यास दौरे होतात, नाही असं नाही. फोटो आम्हाला फेसबुकवर दिसतात. अभ्यास तेवढा दिसत नाही.

अजून एक, जी मला सगळ्यात जास्त खटकते. संबंध जरा बिघडले की पहिल्यांदा ट्रेनिंग बंद पडतं. 2025 च्या जानेवारीत बांगलादेशानं आपल्याकडं ट्रेनिंगला यायचे पन्नास न्यायाधीशांचा दौरा रद्द केला, आधीचा आदेश फिरवला. तो त्यांचा निर्णय, तुमचा नव्हे, मान्य. पण सार्कचं बगा, शेवटची शिखर बैठक 2014 ची काठमांडूची, त्यानंतर सगळं बासनात. भांडणाच्या काळातच ओळखीची माणसं लागतात, आणि आपण नेमकी तेव्हाच वाट बंद करतो. आमच्याकडं भावकीत वाद झाला तरी मयतीला निरोप जातो. पुराच्या ट्रेनिंगला तेवढी तरी जागा ठेवा.

कुणी म्हणंल शेजाऱ्याला फुकट शिकवून काय मिळालं, ते उलटलेच. हे मी स्वतः माझ्या मुलाकडून ऐकलंय, तो पुण्यात असतो, सगळ्यावर मत असतं त्याचं. मी म्हणलं बाबा, माझा तो पोचमपाडचा मित्र काही मराठी झाला नव्हता. तो त्याच्या राज्याच्या बाजूनंच भांडायचा, मीटिंगमध्ये मला आडवं लावायचा, आणि रात्री दोनला फोन पण उचलायचा. मला तेवढंच पाहिजे होतं.

तर मागण्या सांगतो, सरळ सांगतो.

पूर आणि सामाईक नद्या ह्यावर दरवर्षी एक कोर्स मराठवाड्यात घ्या, पावसाळ्याच्या आधी. जागा शोधायची गरज नाही, संभाजीनगरला पैठण रोडवर वाल्मी आहे, 1980 पासून पाणी आणि जमिनीचंच ट्रेनिंग देते, वर्ग आहेत, वसतिगृह आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका इथून लोक बोलवा, पण निम्म्या खुर्च्या आपल्या लोकांना द्या, आणि त्यात तेलंगणा, कर्नाटकचे पण असू द्या, आसाम, बिहार, त्रिपुराचे पण. खासदार, आमदार ह्यांना पाहुणे म्हणून दीपप्रज्वलनाला बोलवू नका, विद्यार्थी म्हणून बसवा. निदान पाच दिवस, मोबाइल बाहेर ठेवून.

वर्गातलं कमी करा आणि फिरवा जास्त. बाभळीला न्या, जायकवाडीला न्या, आणि मुखेडला लेंडीवर न्या. लेंडी महाराष्ट्र आणि तेलंगणाचं संयुक्त धरण, वरून पाणी उदगीरकडून आणि कर्नाटकातून येतं, 2025 च्या ऑगस्टात हसनाळ, रावणगाव रात्रीतून पाण्यात गेली, माणसं गेली, लष्कर बोलवावं लागलं. तिथल्या माणसांना वर्गात बोलवा आणि विचारा त्या रात्री कुणाचा फोन आला होता आणि कुणाचा नाही. ह्याच्या वर कुठला प्रोफेसर शिकवणार आहे?

ज्याला पाठवायचं, इकडं असो नाहीतर परदेशात, त्याची निदान चार वर्षं नोकरी शिल्लक पाहिजे आणि तो त्या खुर्चीवर पाहिजे जिथून गेटचा निर्णय होतो. नाव मागवणारी पत्रं मुदतीच्या दोन महिने आधी जिल्ह्यात पोचली पाहिजेत. कोण गेलं, किती खर्च झाला, परत येऊन काय लिहिलं, सगळं वेबसाइटवर टाका, आणि मराठीत टाका, दहा पानांचं नको, दोन पानं चालतील.

कोर्स झाला की त्या सगळ्यांची एक फोन यादी करा आणि दर 1 जूनला ती तपासा, बदली झालेल्याचं नाव काढा, नव्याचं घाला. आणि त्या यादीवरच्या माणसाला सरहद्दीपलीकडं फोन करायचा लेखी अधिकार द्या, म्हणजे माझ्यासारखं कुणाला चोरून फोन करायची पाळी येणार नाही. पुराचे आकडे सांगितल्याबद्दल कुणाला नोटीस जाणार नाही एवढं त्यात स्पष्ट लिहा.

खासदार साहेबांना वेगळं सांगतो. तुम्ही आठ जण आहात, पक्ष कुठलेही असोत, ह्या एका विषयावर लोकसभेत एक प्रश्न विचारा: गेल्या दहा वर्षांत आयटेकमध्ये सामाईक नद्या आणि पूर ह्यावर किती कोर्स झाले आणि त्यातले किती महाराष्ट्रात झाले. उत्तर काय येतंय ते मला पण बघायचंय. अर्ज मी चौथ्यांदा करणार नाही.

28 ऑक्टोबर झाला की बाभळीची दारं खाली टाकतात, समितीचे लोक येतात, दोन्हीकडचे. तुमच्यातलं कुणी आलं तर बरं होईल, शाल-नारळ मिळणार नाही. आमचा तो गेटवाला आता रिटायर झालाय पण बोलावलं तर येतो, त्याच्याकडं एका प्रश्नाचं उत्तर राहिलंय. चहाचं मी बघतो.

आपला,
पाटबंधारे खात्याचा एक रिटायर माणूस
ता. धर्माबाद, जि. नांदेड